शाळेत खडी गंमत ठेवताना: शिक्षकांसाठी तयारीपासून हिशेबापर्यंत

शाळेत खडी गंमत (पूर्व विदर्भातलं डफ-तुणतुण्यावरचं लोकनाट्य), दंडार (तिथलंच नाच-गाण्याचं लोकनाट्य), भारूड किंवा खंजिरी भजन ठेवायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी स्नेहसंमेलनाचाच साचा पुढे येतो. मंडप, भोंगा, पाहुण्यांच्या खुर्च्या, पाऊण तास सत्कार आणि शेवटी उन्हात कंटाळलेल्या मुलांपुढे घाईत उरकलेला खेळ. मंडईत (दिवाळीनंतरच्या गावजत्रेत) तासन्‌तास गर्दी धरून ठेवणारं पथक शाळेच्या पटांगणात अर्ध्या तासात पडतं, आणि दोष पथकाला लागतो. बहुतेक वेळा चूक कामांच्या क्रमात असते. शिक्षकांनी खेळ आधी समजून घेतलेला नसतो, मुलांना कधी आवाज द्यायचा ते माहीत नसतं, आणि जागा ऐन सकाळी ठरवलेली असते.

पुढच्या पायऱ्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर भागातल्या पहिली ते आठवीच्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून, खडी गंमत धरून लिहिल्या आहेत. अमरावती, वर्धा, अकोल्याकडे खंजिरी भजन, सप्तखंजेरी कीर्तन किंवा भारूड ठेवणार असाल तर कलाकार कमी लागतील, बाकी क्रम हाच.

## 1. मुलं किती, ते आधी ठरवा

एका खेळाला दीडशेच्या वर मुलं नकोत. त्यापुढे मागच्या ओळीला शाहिराचा चेहरा दिसत नाही, मग माईक लागतो. माईक आला की डफ फाटल्यासारखा वाजतो आणि मुलांनी दिलेली झील (शाहिराच्या ओळीचा उचलून धरलेला शेवट) कलाकारांपर्यंत पोहोचतच नाही.

पहिली ते चौथी आणि पाचवी ते आठवी यांचे खेळ वेगळे ठेवा. लहानांना 30 ते 35 मिनिटं पुरतात, मोठ्यांना 50 ते 55. एका सकाळी दोन्ही खेळ बसतात, वेळापत्रक पुढे दिलं आहे. पट चाळीसच्या आत असेल तर शेजारच्या दोन-तीन शाळांना बोलवा, पण पहिली-दुसरीच्या मुलांना दीड किलोमीटरच्या पुढे चालवत आणू नका. थकून आलेलं मूल पहिल्या गणालाच, म्हणजे सुरुवातीच्या वंदनालाच, झोपतं.

## 2. तारीख: पंचांगाआधी शेती बघा

तारीख चुकली की पुढचं सगळं चुकतं. खडी गंमत करणारे बहुतेक कलाकार शेतकरी किंवा शेतमजूर असतात, त्यामुळे त्यांचा हंगाम शाळेच्या कॅलेंडरशी जुळत नाही.

जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत रोवणी (धानाची लावणी) असते, तेव्हा पथकातली निम्मी माणसं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धानकापणी. भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात आणि पथकं गावोगाव बांधलेली असतात. पुढे शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) दिवसांत रात्रीची झाडीपट्टी नाटकं चालतात. पेटीवाले आणि ढोलकीवाले कधी कधी तिकडेही वाजवतात आणि पहाटे घरी येतात. अशा माणसाला सकाळी आठला शाळेत उभं केलं तर काय होईल ते सांगायला नको.

मुलांचंही वेळापत्रक असतं. कापसाच्या पट्ट्यात दिवाळीच्या आसपास वेचणीमुळे हजेरी घसरते. गडचिरोलीत आणि मेळघाटात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला मुलं पहाटेच रानात जातात. फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षेची धावपळ असते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून दहानंतरचं ऊन मुलांना सोसवत नाही.

सगळं वजा केल्यावर उरतो तो 10 जानेवारी ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. त्यातला शनिवार सगळ्यात सोयीचा, कारण शाळा सकाळची असते आणि आनंददायी शनिवारामुळे पहिली ते आठवीला दप्तर नसतं. 26 जानेवारीला जोडून ठेवायचा मोह टाळा. त्या दिवशी कवायत, भाषणं आणि बक्षिसं यांत खेळ चेंगरतो.

तपासा: गावचा बाजार, शेजारच्या गावचा शंकरपट आणि पथकाचा रात्रीचा दुसरा खेळ, यांपैकी काहीही आदल्या दिवशी नको.

## 3. शाहिरांशी बोलणी

फोनवर नुसतं "या, कार्यक्रम आहे" म्हणून भागत नाही. निम्मे घोटाळे इथेच जन्मतात. बोलणं साधारण असं व्हायला हवं:

"शाहीर, जिल्हा परिषद शाळेतून बोलतो. तुमचे किती जण येणार जी?"
"दहा जण येऊ, गुरुजी. पेटी आणली तं अकरा."
"पेटी आणाच. खेळ लहान पोरांपुढं आहे. दोन खेळ होतील, एक अर्ध्या तासाचा, एक पाऊण-एक तासाचा. त्यानंतर तासभर पोरांना शिकवायचं आहे."
"शिकवायचं म्हणजे?"

इथे थांबा आणि नीट समजावून सांगा. "शिकवायचं" म्हटलं की अनेक कलाकारांना फळा-खडू दिसतो आणि ते बिचकतात. झील कशी धरायची, डफावर हात कसा पडतो, सवाल कसा जुळवायचा, एवढंच दाखवायचं आहे हे स्पष्ट करा.

मग प्रत्यक्ष एकदा भेटा. भेटीत चार गोष्टी पक्क्या करायच्या.

मजकूर. खडी गंमत पाठांतरावर चालते, लिखित संहिता मागून मिळत नाही. म्हणून बसून ऐका. शाहीर आणि गमत्या (विनोद करणारा सोंगाड्या) यांना शाळेत कोणता प्रसंग घेणार ते तोंडी म्हणायला सांगा, दहा मिनिटं पुरतात. द्व्यर्थी विनोद मुलांपुढे नको हे बहुतेक शाहिरांना सांगावंही लागत नाही. मात्र बायकोला मारण्याचे, रंगावरचे, अपंगत्वावरचे, एखाद्या जातीच्या बोलण्यावरचे विनोद सवयीने निघून जातात. त्यांचा उल्लेख नाव घेऊन करा. "सगळं चांगलं ठेवा" अशी मोघम सूचना दिली तर काहीच बदलत नाही. या भेटीला शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन माता-पालक बरोबर असाव्यात. त्यांना जे खटकतं ते शिक्षकाच्या लक्षात येत नाही.

नाच्या. स्त्रीवेषातला पुरुष पाहून मोठी मुलं हुर्यो करतात, आणि मग त्याच मुलांच्या तोंडी आठवडाभर ती चिडवाचिडवी चालते. यासाठी सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे रंगभूषा मुलांसमोर करणं. कलाकार तयार असेल तरच, आणि साडी आत नेसून झाल्यावर. पंधरा मिनिटं मुलांनी काजळ, कुंकू, गजरा चढताना पाहिला आणि दोन प्रश्न विचारले की त्या कलाकाराकडे बघण्याची नजर बदलते. या वेळी मोबाईल बंद.

पैसे. मानधन, प्रवास, जेवण हे तीन आकडे वेगळे सांगा. "सगळं मिळून" ठरवलं की गाडीचं भाडं मानधनातून जातं. शिक्षकांच्या बैठकीसाठी (पायरी 5) जे दोघे आधी येणार त्यांचं मानधन निराळं धरा. रक्कम कार्यक्रमाच्या दिवशी, जेवणाआधी, हातात.

गाडी. दहा माणसं, पेटी, ढोलकी, डफ आणि कपड्यांची ट्रंक एवढं एका मॅजिक गाडीत कसंबसं मावतं. एसटीच्या भरवशावर ठेवू नका.

ठरलेलं सगळं एका पानावर लिहून दोघांनी सही करा. एक प्रत शाहिरांकडे.

> सावध: गोंड, माडिया, कोलाम किंवा कोरकू वस्तीत शाळा असेल तर तिथलं नाच-गाणं "कार्यक्रम" म्हणून मागण्याआधी गावातल्या जाणत्यांना विचारा. काही गाणी विशिष्ट सणाला आणि विधीलाच म्हणतात. दंडारी हा नाच दिवाळीच्या दिवसांतला. जे इतर वेळी म्हणता येतं ते तेच सांगतील. मुलांना बाजारातले पिसाऱ्याचे पोशाख भाड्याने आणून नाचवणं तर नकोच.

## 4. ठराव आणि परवानगी

हे काम कोरडं आहे, पण महिनाभर आधी उरकून टाका. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव घ्या आणि त्यात तारीख, खर्चाचा अंदाज आणि पैसे कुठून येणार ते लिहा. केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या. इतर शाळांची मुलं येणार असतील तर त्या मुख्याध्यापकांचं संमतिपत्र जोडा. लोकवर्गणी घेतली तर प्रत्येकाला पावती.

ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते, आणि शाळेभोवतीचा 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. शक्यतो लावूच नका. जागा नीट आखली तर गरज पडत नाही.

## 5. शिक्षकांची बैठक: कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधी

ही पायरी गाळली जाते, आणि सगळा फरक इथेच पडतो. शिक्षकाने पहिल्यांदा खेळ मुलांबरोबरच पाहिला तर त्याचं काम उरतं फक्त "शांत बसा" म्हणण्याचं. खडी गंमतीला शांत प्रेक्षक चालत नाहीत. तिला झील देणारा, हसणारा, उत्तर फेकणारा प्रेक्षक लागतो.

दीड तास पुरतो. पथकातले दोघे, शाहीर आणि एक झिलकरी, डफ-तुणतुणं घेऊन येतात. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेतला वेळ मिळाला तर पाच-सहा शाळांचे शिक्षक एकदमच तयार होतात आणि खर्चही वाटला जातो.

पहिली पंधरा मिनिटं नुसतं ऐका. एक गण, एक पोवाड्याचा तुकडा.

पुढची पंचवीस मिनिटं उभं राहून झील. शाहीर ओळ टाकतो, शिक्षक तिचा शेवट उचलतात. शिक्षक इथे लाजतात, खुर्चीत बसून गुणगुणतात, मग ते मुलांना काय शिकवणार? खुर्च्या बाहेर काढून ठेवा. ठेका आठ मात्रांचा असेल तर पहिल्या मात्रेवर टाळी आणि पाचव्या मात्रेवर हात मोकळा, एवढंच आधी पक्कं करा. वेग वाढवण्याची घाई नको. हात आणि आवाज एकत्र पडायला लागले की मगच वेग.

त्यानंतर वीस मिनिटं प्रसंगावर बोला. कोणतं पात्र काय करतं, कोणते झाडीबोलीतले शब्द मुलांना अडतील, कुठे हसू येईल. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या शिक्षकांना इथे मुलांपेक्षा जास्त शब्द अडतात. वर्गातल्या मुलांनाच ते शब्द समजावून सांगायला लावा, दोघांचंही काम होतं.

पुढची वीस मिनिटं प्रत्येक शिक्षक आपल्या इयत्तेसाठी एक काम लिहून काढतो. तिसरीला परिसर अभ्यास, सहावीला भाषा, सातवीला गणित, काहीही. उरलेली दहा मिनिटं जबाबदाऱ्या वाटण्यासाठी: मुलांची बसायची जागा, पाणी, डफ शेकायचा विस्तव, वेळ, हिशेब. प्रत्येक कामाला एकच नाव.

तपासा: बैठक संपताना प्रत्येक शिक्षकाला एक झील आधाराशिवाय म्हणता येते का? येत नसेल तर फोनवर आवाज टिपून घ्या आणि रोज परिपाठानंतर ऐका.

## 6. वर्गातली तयारी: तीन तासिका

तीनच, प्रत्येकी अर्धा तास. जास्त तयारी करून घेतली तर मुलं खेळाआधीच कंटाळतात.

पहिल्या तासिकेत ठेका. वहीच्या पुठ्ठ्यावर बोटांनी आठ मात्रा, पाचवीवर हात उचलायचा. तेलाचा रिकामा पिपा असेल तर एकाच मुलाकडे द्या. चाळीस पिपे वाजले की शेजारचा वर्ग भांडायला येतो.

दुसऱ्या तासिकेत झील आणि तीन खुणा. डफावर पहिली थाप पडली की बोलणं बंद. शाहिराने हात मुलांकडे केला की सगळ्यांनी झील. दोन्ही हात वर गेले की थांबायचं. मुलांना आवाज द्यायची मोकळीक हवी आणि थांबण्याची खूणही हवी. यांपैकी एकच दिली तर खेळ एक तर मुका होतो, नाही तर गोंधळ.

तिसऱ्या तासिकेत सवाल-जवाब. आधी शिक्षकाने एक सवाल फळ्यावर लिहावा. उदाहरणार्थ धानाच्या पट्ट्यात:

*पाण्यात उभं, चिखलात पाय,*
*वाऱ्याच्या संगं डुलत जाय,*
*डोईवर लोंबी, पिवळी होय,*
*सांग रे गड्या, मी आहे काय?*

मुलांना नियम तीन सांगा: ओळी चार, शेवटची ओळ प्रश्नाची, आणि गोष्ट गावातली. जवाब देणाऱ्याने सवालातला यमकाचा शब्द उचलायचा. मुलं पहिल्यांदा मोबाईल, टीव्ही, विमान यांवर सवाल करतात. करू द्या, मग विचारा की हे उत्तर आजीला येईल का. दुसरा सवाल आपोआप बैलावर, मोहावर, नाहीतर बोडीवर (गावच्या छोट्या तळ्यावर) येतो.

## 7. जागा, सावली आणि विस्तव

आदल्या दिवशी कार्यक्रमाच्याच वेळी पटांगणात जा. साडेआठला सावली कुठवर येते आणि साडेदहाला कुठवर मागे हटते ते जमिनीवर फक्कीने आखा. हे दुपारी चार वाजता बघणारे दुसऱ्या दिवशी फसतात.

मग बैठक आखायची. शाळेच्या भिंतीपासून सात-आठ फूट पुढे एक खुंटी ठोका आणि दोरीने अर्धवर्तुळं काढा. पहिलं 8 फुटांचं, ते खेळाचं रिंगण. पुढची 6 फूट जागा मोकळी. 14 फुटांपासून मुलांच्या ओळी, दर 2 फुटांवर एक, अशा सहा. सर्वात मागची कड 26 फुटांवर येते. डाव्या आणि उजव्या भागात मधोमध 3 फुटांची वाट सोडली तरी दीडशे मुलं आरामात बसतात आणि शेवटच्या मुलालाही चेहरा दिसतो. खुंटी आणि भिंत यांमधल्या जागेत झिलकरी उभे राहतात. भिंतीमुळे त्यांचा आवाज पुढे फेकला जातो.

कलाकार सावलीत असावेत. मुलांच्या डोळ्यांवर ऊन नको. पाठीवर किंवा बाजूने चालेल. साडेदहानंतर ऊन येणार असेल तर हिरवी जाळी आदल्या संध्याकाळी बांधा, आठ फुटांपेक्षा खाली नको, नाहीतर मागच्यांना दिसत नाही. खाली ताडपत्री आणि तिच्यावर सतरंजी. नुसती ताडपत्री सकाळी दवाने ओली आणि दहा वाजता तापलेली असते.

रिंगणात मंच बांधू नका. खडी गंमत जमिनीवरच रंगते, आणि तीन फुटांच्या मंचावरून पहिल्या ओळीतल्या मुलाला फक्त पाय दिसतात.

पाहुण्यांच्या खुर्च्या मुलांच्या मागे. हा मुद्दा सरपंचांशी आदल्या दिवशीच बोलून घ्या, ऐन वेळी अवघड जातं. शिक्षकांना खुर्ची नाही: तीस मुलांमागे एक शिक्षक, ओळीच्या टोकाला, जमिनीवर. आवाजाला दचकणारी, चाकाच्या खुर्चीतली किंवा लवकर उठावं लागणारी मुलं वाटेजवळ बसवा.

### डफ तापवण्याची व्यवस्था

याकडे कोणीच लक्ष देत नाही. डफाचं कातडं दमट हवेत सैल पडतं आणि जानेवारीच्या दवात तर हमखास. सैल डफ "धप्प" असा मेला आवाज देतो, शाहिराला गळा ताणावा लागतो आणि दुसऱ्या गाण्यातच आवाज बसतो. म्हणून खेळाआधी पंधरा मिनिटं तो शेकावा लागतो.

कलाकार मिळेल त्यावर, बहुधा तणसावर (धानाच्या पेंढ्यावर) शेकतात. तणसाचा जाळ भडकतो आणि लगेच विझतो. उडालेली ठिणगी मंडपाच्या कापडावर जाते. त्याऐवजी लोखंडी घमेल्यात कोळसा किंवा गोवऱ्या पेटवून धूर जाईपर्यंत थांबा. निखाऱ्यावर दीड-दोन फूट उंचीवर डफ फिरता ठेवतात, दर थोड्या वेळाने बोटाने टिचकी मारून बघतात. आवाज टणक झाला की काढून घ्यायचा, कारण त्यापुढे कातडं तडकतं. हे काम कलाकाराचंच. शाळेने द्यायचं ते घमेलं, निखारे, एक बादली पाणी, एक बादली रेती, आणि मुलांना दहा फूट दूर ठेवणारा एक मोठा माणूस. घमेलं शाळेच्या मागच्या बाजूला, वारा मुलांकडून बाहेर वाहतो अशा ठिकाणी ठेवा. दोन खेळांच्या मधल्या वेळेत पुन्हा शेकावं लागेल, म्हणून निखारे विझवू नका.

कलाकारांसाठी एक खोली: आतून कडी, आरसा, खिळे किंवा दोरी, पिण्याचं पाणी. पोषण आहाराचं साहित्य असलेली खोली देऊ नका; रंग आणि तांदूळ एकत्र नकोत.

## 8. कार्यक्रमाची सकाळ

7.30 पथक येतं. चहा, नाश्ता.
8.10 डफ शेकणं. पेटीच्या स्वरावर तुणतुण्याची तार लावणं. जादा तार जवळ हवी, मुलांनी हात लावला की तीच पहिली तुटते.
8.20 पहिली ते चौथीची मुलं लघवी-पाणी करून बसतात, सर्वात लहान पुढे.
8.30 ते 9.05 पहिला खेळ: गण, एक गाणं, छोटी गंमत, मध्ये दोनदा झील.
9.05 ते 9.25 विश्रांती. पाचवी ते आठवीसमोर रंगभूषा, मागे डफ पुन्हा निखाऱ्यावर.
9.25 ते 10.20 दुसरा खेळ: गण 5 मिनिटं, गौळण 8, पोवाडा 10, सवाल-जवाब 12, गंमत 15 ते 20.
10.20 ते 10.35 पाणी.
10.35 ते 11.30 गटांत शिकणं.
मग सत्कार, मानधन, जेवण.

सत्कार शेवटी आहे, हे मुद्दाम. सुरुवातीला एका मुलाने दोन मिनिटांत पथकाची ओळख करून द्यावी आणि थेट गण. नारळ, शाल, मनोगत सुरुवातीला घेतलं तर कापला जातो तो खेळच. पाहुणे उशिरा आले तरी खेळ थांबवायचा नाही, हे मुख्याध्यापकांनी आधीच सांगून ठेवावं. इतरांना ते जमत नाही.

> सावध: पालक मोबाईल घेऊन रिंगणापुढे उभे राहतात. एका शिक्षकाने दोन जागा ठरवून फोटो घ्यावेत, बाकी सगळ्यांनी बसावं. मुलांचे व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत हे आधी जाहीर करा.

## 9. गटांत शिकणं

पाचवी ते आठवीची साधारण शंभर मुलं असतील तर पंचवीसचे चार गट. प्रत्येक जागी 12 मिनिटं, दोन मिनिटं बदलाला. चार जागा: झील, डफाचा ठेका, सवाल-जवाब, आणि गमत्याबरोबर नकला. प्रत्येक जागी दोन कलाकार आणि एक शिक्षक.

डफाच्या जागी एका वेळी एकच मूल डफ हातात घेतं, बाकीची वहीवर ठेका धरतात. वाद्य हे कलाकाराचं पोट आहे. पंचवीस मुलांनी ओढाताण केलेला डफ संध्याकाळच्या खेळाला उपयोगी पडत नाही. नकलांच्या जागी गुरुजींची नक्कल हमखास होते. होऊ द्या. तिथल्या शिक्षकाने तेवढं सोसावं.

सवाल-जवाबाच्या जागी मुलांनी वर्गात जुळवलेले सवाल शाहिरांपुढे टाकायचे आणि शाहिरांनी जागच्या जागी जवाब द्यायचा. यासाठी तिसऱ्या तासिकेतले चांगले आठ-दहा सवाल कागदावर तयार ठेवा. ऐन वेळी "विचारा, विचारा" म्हटलं की मुलं गप्प होतात.

नेहमीची चूक: कलाकार शिकवत असताना शिक्षक स्टाफरूममध्ये चहाला जातात. मग कलाकाराला शिकवणं आणि शिस्त दोन्ही सांभाळावं लागतं, आणि तो पाचव्या मिनिटाला शिकवणं सोडून गाणं म्हणायला लागतो.

## 10. पुढचा आठवडा

सोमवारीच काम घ्या, बुधवारपर्यंत थांबलात तर मुलांच्या डोक्यातून ठेका गेलेला असतो. लहानांनी एका पात्राचं चित्र काढून त्याखाली त्याचं एक वाक्य लिहावं. मोठ्यांनी जोडीने एक सवाल आणि एक जवाब लिहून परिपाठात म्हणावा. "कार्यक्रम कसा वाटला" असा निबंध देऊ नका. पंचवीस वह्यांत एकच उत्तर येतं, "खूप आवडला". त्याऐवजी विचारा: शाहिराने आवाज कुठे खाली आणला? झिलकरी नसते तर काय बिघडलं असतं? गमत्या कोणावर हसला, आणि त्या माणसाला ते चाललं असतं का?

शिक्षकांनी अर्धा तास बसून तीन गोष्टी नोंदवाव्यात: कोणत्या क्षणी मुलं तुटली, कोणत्या शिक्षकाने बैठकीतली झील वर्गात वापरली, पुढच्या वेळी कोणता प्रसंग नको. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा की कोणी एखादा पाठ सवाल-जवाबाने घेतला का. एकानेही घेतला नसेल तर पुढच्या वर्षी शिक्षकांची बैठक दीडऐवजी अडीच तासांची करा.

हिशेब आठवड्याच्या आत समितीपुढे ठेवा: ठराव, शाहिरांची सही असलेली पावती, गाडीचं बिल, वर्गणीच्या पावत्यांची स्थळप्रत. पाच हजारांच्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट लावून त्यावर सही घ्या. शाहीर घरी गेल्यावर सहीसाठी त्यांच्या गावी चकरा माराव्या लागतात.

पुढच्या वर्षीची तारीख दसऱ्याच्या सुमारास कळवून ठेवा. भाऊबीजेनंतर फोन केलात तर शाहीर कुठल्यातरी मंडईत उभे असतात, तारखांची वही घरी असते, आणि "येऊ जी, येऊ" एवढंच उत्तर मिळतं.